बसला की माती, उडाला की पांढराशुभ्र

बगळ्याचं चित्र काढा म्हटलं तर तुमच्यापैकी किती जण रंगपेटीतला पांढरा खडू उचलतील? बहुतेक सगळेच! बगळा म्हणजे पांढरा, हे आपल्या मनात अगदी पक्कं बसलेलं असतं. आभाळातून बगळ्यांची माळ जाताना दिसली की नखावर नख घासत आपण कवडी मागतो, तीसुद्धा पांढऱ्या बगळ्यांकडेच.

पण आज मी ज्या बगळ्याबद्दल सांगणार आहे, तो बांधावर तुमच्यापासून दहा पावलांवर उभा असला तरी तुम्हाला दिसणार नाही. तिथं चिखल दिसेल, वाळलेलं गवत दिसेल, एखादं ढेकूळ दिसेल. तुम्ही आणखी दोन पावलं टाकाल आणि एकदम ‘क्वॉक!’ असा घोगरा आवाज येईल. त्या चिखलातूनच एक पांढराशुभ्र पक्षी उडेल, थोडा पुढं जाऊन उतरेल, पंख मिटेल. आणि पुन्हा गायब!

हा वंचक. पुस्तकांत हे नाव सापडेल. कुठं त्याला ढोकरी म्हणतात, कुठं भुरा बगळा. आकारानं लहानच, चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत साधारण ४५ सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या दप्तरातली ३० सेंटिमीटरची पट्टी दीड वेळा ठेवली की झालं. वजन जेमतेम पाव किलोच्या आसपास. भारतात असं पाणथळ ठिकाण क्वचितच सापडेल, जिथं हा नाही. भातखाचरं, तळी, नदीकाठ, खाडी, विहिरीचा काठ, अगदी शहरातला उघडा नालासुद्धा त्याला चालतो. नाशिकजवळचं नांदूर मध्यमेश्वर असो की गोव्यातलं नंदा तळं, दूरदेशीचे पाहुणे पक्षी बघायला लोक तिथं दुर्बिणी घेऊन जातात आणि पायाशी उभ्या असलेल्या या आपल्या माणसाकडे कुणी बघतही नाही. मला याचं फार वाईट वाटतं. कारण दूरचा दुर्मीळ पक्षी क्षणभर दिसतो आणि निघून जातो. वंचक मात्र तासभर एका जागी उभा राहतो. पक्षी कसा जगतो हे शिकायचं तर त्याच्यासारखा गुरू नाही.

आधी त्या रंगाच्या जादूचं बघू.

एरवीच्या दिवसांत वंचकाचं डोकं, मान आणि छाती फिकट पिवळसर असते आणि तिच्यावर गडद तपकिरी उभ्या रेघा असतात. पाठ मातकट तपकिरी. पण पंख, कंबर आणि शेपटी मात्र स्वच्छ पांढरी. आता गंमत अशी, की पंख मिटले की पाठीवरची आणि खांद्यावरची तपकिरी पिसं त्या पांढऱ्या पंखांवर पसरतात आणि पांढरा रंग जवळजवळ सगळा झाकला जातो. उरतात त्या फक्त रेघा. गवताच्या काड्या आणि त्यांच्या सावल्यासुद्धा उभ्याच असतात, म्हणून मानेवरच्या रेघा त्यांच्यात मिसळून जातात. पंख उघडले की झाकलेलं पांढरं एकदम बाहेर!

लपण्याचा फायदा कळतो. मासा, बेडूक यांना शिकारी दिसू नये आणि घारीसारख्यांना वंचक दिसू नये. पण मग पंख पांढरे कशाला? ज्यांचे पंख असे अचानक चमकतात त्या प्राण्यांबद्दल शास्त्रज्ञांचा एक अंदाज आहे. पाठलाग करणारा शत्रू त्या चमकणाऱ्या रंगावर नजर ठेवून मागं लागतो. प्राणी खाली बसतो, रंग नाहीसा होतो, आणि शत्रू जे शोधत असतो ते जगातच उरत नाही! वंचकाच्या बाबतीत हेच कारण असेल का, हे पक्कं ठरायचं आहे. पण एक गोष्ट तुम्ही स्वतः पडताळून बघू शकता. पांढरे बगळे माणूस लांब दिसला तरी उडतात. वंचक मात्र अगदी जवळ जाईपर्यंत हलत नाही. आपल्या रंगावर त्याचा इतका भरवसा असतो.

आता त्याच्या उभं राहण्याकडे या.

आपल्याकडे ढोंगी माणसाला ‘बकध्यान लावून बसलाय’ असं म्हणायची पद्धत आहे. बगळा डोळे मिटल्यासारखा शांत उभा राहतो आणि मासा आला की गट्टम करतो, म्हणून तो लबाड! मला हे कधीच पटलं नाही. तो मुळी डोळे मिटत नाही आणि आळसही करत नाही. तो त्या वेळी फार अवघड काम करत असतो. किती अवघड, ते घरी करून बघा.

एक खोलगट वाटी घ्या, तिच्या तळाशी रुपयाचं नाणं ठेवा. वाटीकडे बघत बघत मागं सरका आणि काठामुळे नाणं दिसेनासं झालं की तिथंच थांबा. डोकं हलवायचं नाही. आता आईला किंवा ताईला वाटीत हळूहळू पाणी ओतायला सांगा. नाणं जागेवरून हललेलं नसतं, तरी ते तुम्हाला दिसायला लागतं! पाण्यातून हवेत येताना प्रकाशाचे किरण वाकतात. त्यामुळे पाण्यातली वस्तू खरी असते त्यापेक्षा वर उचलल्यासारखी दिसते.

म्हणजे बघा, वंचकाला मासा जिथं दिसतो तिथं मासा नसतोच. तो थोडा खाली असतो. दिसेल तिथं चोच मारली तर दर वेळी नेम चुकेल आणि पक्षी उपाशी मरेल. शिवाय हा फरक दर वेळी सारखा नसतो. पाणी किती खोल आहे, बगळा किती तिरका बघतोय, यावर तो बदलतो. इस्राएलमधल्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात समुद्रकाठच्या बगळ्यांवर याचे प्रयोग केले. तेव्हा दिसलं, की झडप घालायच्या आधी बगळा आपलं डोकं विचारपूर्वक एका जागी आणतो. मासा किती खोल दिसतो आणि खरा किती खोल आहे, याचा मेळ त्या जागेवरून बसतो. मगच चोच सुटते. आपण सातवी-आठवीनंतर जे गणित वहीत मांडतो, ते हा पक्षी चिखलात उभ्या उभ्या करतो. तुम्हाला जी शांतता दिसते, ती या मोजमापाची.

वंचकाचा एक जवळचा भाऊबंद दक्षिण युरोप आणि आफ्रिकेत राहतो, त्याचं नाव स्क्वाको बगळा. त्याच्या डोळ्यांचाही अभ्यास झाला आहे. त्याचे डोळे अशा ठिकाणी बसवलेले असतात, की चोच आडवी धरलेली असतानाही तो चोचीच्या खालून आपल्या पायांजवळचं दोन्ही डोळ्यांनी बघू शकतो. तुम्ही समोर नाकाच्या रेषेत बघत उभे राहा आणि मान न वाकवता स्वतःच्या अंगठ्यांकडे बघायचा प्रयत्न करा. जमलं? नाही ना!

आणि ती मान! उभा असताना वंचकाला मान आहे असं वाटतच नाही. खांद्यात डोकं खुपसून म्हातारा पोक काढून बसल्यासारखा दिसतो. खरं तर त्याची मान चांगली लांब असते, पण ती घडी घालून आत ओढलेली असते. आपल्या मानेत ७ मणके. जिराफाच्या एवढ्या लांब मानेतही ७ च. बगळ्यांच्या मानेत मात्र २० किंवा २१ मणके असतात. त्यातला सहावा मणका लांब आणि वेगळ्या घडणीचा असतो, म्हणून तिथं मानेला कोनासारखी घडी पडते. ताणलेल्या बेचकीचं रबर सोडावं तशी ही मान सुटते. तुमची पापणी लवली तरी तो क्षण हुकतो. आधी चोच पाण्याबाहेर होती, आता चोचीत बेडूक वळवळतोय, इतकंच कळतं.

या घडीचा आणखी एक उपयोग आपल्याला होतो. आकाशात लांब पायांचा पक्षी उडताना दिसला तर त्याची मान बघा. करकोचा आणि क्रौंच मान पुढं सरळ ताठ करून उडतात. बगळे मात्र मान घडी घालून छातीशी घेतात. रंग दिसला नाही, आकार कळला नाही, तरी एवढ्यावरून बगळ्यांचं घराणं ओळखता येतं.

वंचक खातो काय? मासे, बेडूक, बेडकांची पिल्लं, खेकडे, चतुर, नाकतोडे, रातकिडे, पाण्यातले किडे, प्रसंगी जळवासुद्धा. उथळ पाणी संपलं आणि पुढं खोल असेल तर तो जलपर्णीवर चढून उभा राहतो. जलपर्णीनं आपल्या नद्यांचा आणि तळ्यांचा श्वास कोंडला आहे, ती काढायलाच हवी. पण वंचकानं त्या हिरव्या गालिच्याचंही मचाण करून घेतलं आहे खरं. त्याचा एक नातेवाईक, हिरवा बगळा, याहून हुशार. तो किडा, पीस किंवा पावाचा तुकडा पाण्यावर टाकतो आणि ते खायला वर आलेला मासा पकडतो. अगदी आमिष लावून मासेमारी! वंचकानंही चतुराचं आमिष वापरल्याच्या नोंदी झाल्या आहेत. प्रत्येक वंचक असं करत नाही. म्हणूनच नजर ठेवायला हवी, कोण जाणे तुमच्या तळ्यावरचा एखादा हे शिकलेला असेल.

इतके मासे आणि बेडूक खायचे म्हणजे अंगाला बुळबुळीत चिकटा लागणारच. पिसं चिकटली तर उडणार कसं? त्यावर बगळ्यांकडे पावडर आणि फणी दोन्ही असतात. खरंच! त्यांच्या छातीवर आणि कमरेजवळ काही खास पिसं असतात. ती कधी गळून पडत नाहीत, सारखी वाढतच राहतात आणि त्यांची टोकं झिजून त्यांचा भुगा होतो. ही पावडर बगळा चोचीनं अंगभर लावतो. चिकटा ती शोषून घेते. मग पायाच्या मधल्या बोटाच्या नखानं तो सगळं विंचरून काढतो. त्या नखाच्या कडेला बारीक दाते असतात. वंचक एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायानं डोकं, मान खाजवताना दिसला, तर तो नुसता खाजवत नाही, तो विंचरतोय.

चला, आता ओळखायची वेळ. चिखलाच्या रंगाचे पक्षी पाण्याकाठी आणखीही असतात, आणि मोठी माणसंसुद्धा इथं गोंधळतात. सगळ्यांत जास्त फसवतं ते रातबगळ्याचं पिल्लू. तेही तपकिरी, तेही रेघारेघांचं, पोक काढून बसणारं. पण ते अंगानं वंचकाहून थोराड असतं आणि त्याच्या पंखांवर पांढरे ठिपके असतात. तरीही शंका राहिली तर घाई करू नका. उडेपर्यंत थांबा. त्याचे पंख उडतानाही तपकिरीच दिसतात. हिरवा बगळा नदीकाठच्या झुडपांत आणि खाडीतल्या खारफुटीत बसतो, तो राखाडी-हिरवट आणि त्याचेही पंख काळपट. लव्हाळ्यात दडून बसणारे बिटर्न नावाचे छोटे बगळे असतात, त्यातला तांबूस बिटर्न उडताना सगळाच्या सगळा विटकरी दिसतो, आणि पिवळ्या बिटर्नच्या पंखांची टोकं काळी असतात. थोडक्यात काय, बसलेला मातकट आणि उडालेला पांढरा, असं दुहेरी सोंग आपल्याकडे एकट्या वंचकाचंच.

उडताना त्याची गल्लत होते ती गायबगळ्याशी, कारण दोघांचेही पंख पांढरे. अशा वेळी पाठीकडे बघायचं. गायबगळ्याची पाठ पांढरी किंवा पावसाळ्यात केशरी. वंचकाची मात्र दोन पांढऱ्या पंखांच्या मध्ये गडद पाठ. ईशान्य भारतात किंवा अंदमानात राहणाऱ्या वाचकांना एक इशारा! तिकडे चिनी वंचकही असतो आणि हिवाळ्यात तो हुबेहूब आपल्या वंचकासारखा दिसतो. तिथं जाणकारसुद्धा हिवाळ्यात छातीठोकपणे सांगायचं टाळतात. त्याच्या विणीच्या रंगाची वाट बघावी लागते.

विणीचा रंग म्हणजे काय? तेच तर सांगायचं राहिलं!

पावसाळा जवळ आला की हा मातकट पक्षी असा काही सजतो, की तो हाच हे पटत नाही. मानेवरच्या आणि डोक्यावरच्या रेघा जातात, तिथं एकसारखा पिवळसर बदामी रंग येतो. पाठीवर केसांसारखी बारीक, लांब, गडद मरून रंगाची पिसं झुलू लागतात. डोक्यामागून पांढऱ्या पिसांचा तुरा मानेवर लोंबतो. चोचीचं बूड निळसर होतं, टोक काळं. एरवी हिरवट-पिवळे असणारे पाय काही पक्ष्यांमध्ये थोडे दिवस चक्क लाल होतात. हे लाल पाय बघायला मिळाले तर नशीबवान समजा, कारण ते लवकर फिके पडतात. नर आणि मादी दोघंही सजतात, त्यामुळे नुसतं बघून नर कोणता, मादी कोणती हे सांगता येत नाही.

एरवी एकेकटा शिकार करणारा हा पक्षी घरटं मात्र शेजारपाजाऱ्यांत बांधतो. वड, चिंच, आंबा अशा मोठ्या झाडावर वंचक, रातबगळे, लहान बगळे, पाणकावळे यांची वसाहतच भरते. पुष्कळदा असं झाड भर वस्तीत, रहदारीच्या रस्त्यावर असतं. नर काड्या आणतो, मादी त्या रचते. शेजाऱ्याच्या घरट्यातली काडी पळवायचे प्रकारही चालतात! घरटं तसं गबाळंच, काड्यांचा एक थर. त्यात फिकट निळसर-हिरवी ३ ते ५ अंडी. आई-बाबा दोघं आळीपाळीनं ती उबवतात, साधारण साडेतीन आठवडे. भरवायलाही दोघं असतात. गिळून आणलेलं अन्न ते पिल्लांसमोर ओकतात. ‘ईऽऽ’ म्हणू नका. पोटातून आणल्यामुळे ते मऊ झालेलं असतं आणि वाटेत कुणी हिसकावूनही घेत नाही. घरट्याजवळ वंचकांचा आवाजही बदलतो. तो घोगरा ‘क्वॉक’ जातो आणि आपसांत हलक्या आवाजात पुटपुटणं सुरू होतं. झाडाखाली उभं राहून ऐका.

आणि वेळ पावसाळ्याचीच का? कारण त्याच दिवसांत डबक्या-डबक्यांत बेडकांची पिल्लं असतात, भातखाचरांत किडे असतात. पिल्लांना सर्वांत जास्त भूक लागते तेव्हाच ताट सर्वांत भरलेलं असतं.

अडचण अशी, की अशा झाडाखाली विष्ठेचा सडा पडतो, वास येतो, गाड्या खराब होतात. मग कुणी तरी भर पावसाळ्यात फांद्या तोडायला लावतं आणि उडता न येणारी पिल्लं दणादण खाली पडतात. हे बघणं फार त्रासाचं असतं. फांद्या छाटायच्याच तर पिल्लं उडून गेल्यावर, हिवाळ्यात छाटता येतात. झाडाखालची गाडी चार महिने दुसरीकडे लावता येते. आपल्या देशातला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा पक्ष्यांना आणि त्यांच्या घरट्यांना संरक्षण देतो, हे सोसायटीतल्या मोठ्यांना सांगायला घाबरू नका. पडलेलं पिल्लू दिसलं तर स्वतः उचलू नका. बगळ्याचं पिल्लूही घाबरलं की थेट डोळ्यांच्या दिशेनं चोच मारतं. मोठ्या माणसाला बोलवा, भोकं पाडलेल्या खोक्यात त्याला ठेवायला सांगा, दूध-पाव काही भरवू नका, आणि महाराष्ट्रात असाल तर वनखात्याच्या मदतीचा १९२६ हा क्रमांक फिरवा.

शेवटी एक गोष्ट, जी ऐकून तुम्हाला मजा वाटेल. जगभरच्या शास्त्रज्ञांना हा पक्षी माहीत झाला तो आपल्या मुलखातून! ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत विल्यम हेन्री साइक्स नावाचा अधिकारी होता. मुंबई सरकारनं त्याला दख्खनची पाहणी करायच्या कामावर नेमलं. शेती, लोकसंख्या, हवामान यांची माहिती गोळा करता करता तो इथले पक्षीही टिपत गेला, आणि १८३२ साली त्यानं दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनमध्ये प्रसिद्ध केली. वंचकाचं शास्त्रीय वर्णन त्या यादीत पहिल्यांदा आलं. ब्रिटिश म्युझियममधले प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांच्या सन्मानासाठी त्यानं पक्ष्याला त्यांचं नाव जोडलं. म्हणून आजही त्याचं शास्त्रीय नाव आर्डिओला ग्रेयाय. अर्थात इथल्या शेतकऱ्यांना आणि कोळ्यांना तो त्याआधी कित्येक पिढ्या ओळखीचा होताच. त्यांनी फक्त यादी छापली नव्हती.

तुम्हाला यादी करायची असेल तर आजपासून सुरुवात करा. दुर्बीण नसली तरी चालेल, वंचक जवळ येऊ देतो. घराजवळचं एखादं पाणी ठरवा आणि आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, घरच्या मोठ्यांना घेऊन तिथं जा. किती वंचक दिसले, कुठं उभे होते, किती वेळा चोच मारली आणि त्यातल्या किती वेळा काही हाती लागलं, हे वहीत लिहा. मे महिन्यापासून पाठींवर विशेष लक्ष ठेवा. पहिली मरून पाठ कोणत्या तारखेला दिसली, पहिला पाऊस कोणत्या तारखेला पडला, दोन्ही शेजारी शेजारी लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच पानावर त्याखाली नव्या तारखा लिहायच्या आहेत, तेव्हा जागा मोकळी सोडा.